मधुमेही पायासाठी प्रिंट केलेले इनसोल: सोलापुरात करून घेताना नेमकं काय मागायचं?

हुतात्माबाग
मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाने थ्रीडी प्रिंटरवर केलेले इनसोल, म्हणजे बुटात तळव्याखाली घालायच्या गाद्या, घ्यावेत का, यावर जाणकारांनी लिहावं म्हणून धागा काढतोय.

प्रश्न ज्यांच्यासाठी आहे ते चित्र असं. वय साठीच्या आसपास, वजन ७० किलो, यंत्रमागावर उभ्याने काम. उजव्या चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी जखम झाली होती, ती भरून तीन महिने झाले. आता त्याच जागी परत घट्टा धरतोय. बाहेर जाताना सँडल, घरात आणि मागापाशी अनवाणी. सोलापूरच्या पूर्व भागात, मागवाल्यांच्या वस्तीत, असे पाय घरोघर सापडतील, त्यामुळे उत्तर एकाच्याच नव्हे, पुष्कळांच्या कामी येईल.

मोबाइलवर पायाचं स्कॅन घेऊन इनसोल प्रिंट करून देणारे आता बरेच झालेत. विचारायचंय ते एवढंच: मोबाइलचं स्कॅन पुरतं का? मऊ घ्यायचं की कडक? आहे त्याच बुटात ते बसतं का? आणि जो माणूस दिवसातला बराच वेळ अनवाणी असतो त्याला त्याचा उपयोग किती?

तळपाय
चांगला विषय काढलात. प्रिंटरकडे वळण्याआधी तीन गोष्टी तपासून घ्या, नाहीतर इनसोल कितीही सुबक असला तरी चुकीच्या पायात जाईल.

पहिली, जखम खरंच भरली आहे का. घट्ट्याखाली काळसर किंवा लालसर ठिपका दिसत असेल तर आत रक्त साकळलंय, म्हणजे वरून बंद दिसणारी जागा आतून फुटते आहे. घट्टा जाणकाराकडून ब्लेडने तासून घ्या, घरी नको. कुरूप काढायच्या औषधी पट्ट्यांत सॅलिसिलिक आम्ल असतं, ते बधिर पायाची चांगली कातडीही जाळतं. नुसता घट्टा तासला तरी त्या जागेवरचा दाब पाव भागाच्या आसपास उतरतो. तो तासून घेतल्याशिवाय स्कॅन करू नका. नाहीतर तुम्ही घट्ट्याचं माप घेता, पायाचं नाही.

दुसरी, रक्तपुरवठा. पायाच्या पाठीवरची आणि आतल्या घोट्यामागची नाडी हाताला लागते का ते डॉक्टरांकडून बघून घ्या. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक होतात, त्यामुळे घोट्याचा रक्तदाब खोटाच जास्त येऊ शकतो. आकडा चांगला आला म्हणून नाडी बघायची राहू नये.

तिसरी, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम, लाल आणि सुजलेलं असेल, दुखत नसलं तरी, तर ते शार्कोचं पाऊल असू शकतं. तिथे हाडं ठिसूळ होऊन सांधे ढासळत असतात. त्या पायाला इनसोल नाही, प्लास्टर लागतं, आणि तेही उशीर न करता.

तळफणी
@तळपाय, म्हणजे जखम उघडी असताना इनसोल अजिबातच नाही?

तळपाय
जखम भरवायला नाही. तळव्याची बधिरपणामुळे झालेली जखम भरायला गुडघ्याखालपर्यंतचं, रुग्णाला स्वतः काढता न येणारं प्लास्टर किंवा बूट हा पहिला उपाय. मधुमेही पावलावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. काढता येणारी वस्तू माणूस काढतोच. इनसोलचं काम जखम भरल्यानंतर सुरू होतं: ती परत होऊ न देणं.

त्या कामाला मापही ठरलेलं आहे. बुटाच्या आत सेन्सरची पातळ पट्टी घालून माणसाला चालवतात आणि जुन्या जखमेच्या जागी कमाल दाब किती येतो ते बघतात. तो २०० किलोपास्कलच्या खाली हवा, किंवा आधीच्या पादत्राणापेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी हवा. २०० किलोपास्कल म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर साधारण दोन किलो. प्रिंट करून देणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: "घालून चालताना दाब मोजून देणार का?"

भुईकोट
यात एक हिशोब जोडतो, म्हणजे २०० हा आकडा हवेत राहणार नाही. ७० किलो म्हणजे जवळपास ७०० न्यूटन. एका पायावर उभं राहिलं आणि १०० चौरस सेंटिमीटर तळवा टेकला तर सरासरी दाब ७० किलोपास्कल. म्हणजे नुसतं उभं राहण्यात फार काही बिघडत नाही. बिघडतं ते पाऊल उचलताना. टाच सुटते, सगळा भार चवड्यावर येतो आणि अंगठ्यामागच्या हाडाचं टोक दोन-तीन चौरस सेंटिमीटरवर तो सोसतं. इनसोलने भार कमी होत नाही, माणूस तेवढ्याच वजनाचा राहतो. टेकणारी जागा वाढते, एवढंच. म्हणून कमानीखालचा भाग तळव्याला नीट भिडला पाहिजे. तिथे फट राहिली तर चवड्याचा भार जाणार कुठे?

गायरॉइड
आता प्रिंटच्या बाजूचं सविस्तर लिहितो.

मटेरियल: टीपीयू, म्हणजे रबरासारखं लवचिक प्लास्टिक. बाजारात सहज मिळतं ते ९५ए कडकपणाचं (रबराचा कडकपणा शोअर मापात सांगतात, आकडा मोठा तेवढं कडक). ते भरीव छापलं तर टायरसारखं लागतं, म्हणून आतून जाळीदार ठेवायचं. गायरॉइड, म्हणजे नागमोडी वळणांची जाळी घ्या, कारण ती सगळ्या दिशांनी जवळपास सारखी दबते. सरळ चौकटीची जाळी उभ्या भिंतींवर भार घेते आणि मग एकदम कोलमडते.

लोक चुकतात ते टक्क्यांत. १० टक्के इनफिलचं, म्हणजे आतल्या भरणीचं, २० केलं की कडकपणा दुप्पट होईल असं वाटतं. तसं नाही, तो चौपटीकडे जातो. म्हणून दोन-तीन टक्क्यांचा फरकही पायाला कळतो. साधारण सुरुवात अशी: टाच आणि कमान २० ते २२ टक्के, जुन्या जखमेखाली १० ते १२. १० च्या खाली जाऊ नका. पोकळ्या इतक्या मोठ्या होतात की वरचं कव्हर त्यात खचतं आणि जाळीच्या कडा खालून टोचायला लागतात.

२२ वरून एकदम ११ वर उडी मारू नका. मऊ भागाच्या काठाशी कडक कड उभी राहते आणि दाब जखमेवरून उठून तिच्या कडेला जातो. इनसोलला गोल भोक पाडून "जागा मोकळी केली" म्हणणाऱ्यांचंही असंच होतं. २२, १८, १४, ११ अशा उतरत्या पट्ट्या घ्या, प्रत्येक ६ ते ८ मिमी रुंद.

बाहेरच्या भिंती दोनच. तिसरी घेतली की कडा ताठ होतात. वरचे थर दोन-तीन ठेवा, पार उघडं ठेवू नका.

छापताना टीपीयू वाळलेलं हवं. हवेतली ओल पिऊन बसलं की नोझलमधून, म्हणजे प्लास्टिक वितळून बाहेर पडतं त्या तोटीतून, चरचर आवाज येतो, धाग्यात बुडबुडे पडतात, थर एकमेकांना धरत नाहीत. ५० ते ५५ अंशांवर पाच-सहा तास वाळवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर प्रत्येक वेळी. नोझल २२० ते २३५ अंश, वेग सेकंदाला २५ ते ३५ मिमी, रिट्रॅक्शन, म्हणजे धागा मधेच मागे ओढणं, १ मिमीच्या आत. फिलामेंट (रिळावरचा प्लास्टिकचा धागा) ओढणारी मोटर नोझलच्या डोक्यावरच असलेला प्रिंटर घ्या. लांब नळीतून ढकलायला गेलं की मऊ फिलामेंट आतच गोळा होतं.

शेंगाचटणी
घरच्या २२० बाय २२० बेडच्या प्रिंटरवर होईल का? तिरकं ठेवून?

गायरॉइड
मोठ्या माणसाचं नाही होत. तिरकं बसवायचं तर लांबी आणि रुंदीची बेरीज साधारण ३११ मिमीच्या आत हवी. २७० लांब आणि १०० रुंद इनसोलची बेरीज ३७०. टोकं गोल असतात म्हणून थोडी सूट मिळते, पण एवढी नाही. ३०० चा बेड लागतो.

मग काही जण चवड्याच्या मागेच संपणारा, पाऊण लांबीचा इनसोल छापतात. मधुमेही पायाला तो देऊ नका. त्याची पुढची कड बरोबर धोक्याच्या जागेपाशी येते. दोन तुकडे छापून चिकटवले तरी तोच प्रकार: जोड पायाखाली येतो.

०.४ मिमीच्या नोझलने एका पायाला सहा-आठ तास लागतात, ०.६ ने निम्मे. मध्येच वीज गेली आणि प्रिंटर "पुढे चालू" झाला तर त्या थरावर एक रेघ राहते. चांगल्या पायाला ती कळणारही नाही. बधिर पायालाही कळणार नाही, आणि धोका तोच आहे. बोट फिरवून लागणारी कुठलीही रेघ असेल तर तो इनसोल बाद करायचा.

कडकभाकरी
थोडक्यात एकाच ताटात टाचेला कडक भाकरी आणि चवड्याला ताजी पोळी वाढायची, आणि मधे खडा लागता कामा नये :)

गायरॉइड
@कडकभाकरी होय की, एवढ्यात सगळं आलं. फक्त पोळी इतकीही पातळ नको की खालचा पाट लागेल.

एमसीआर_सँडल
थोडं विरोधात लिहितो. बधिर पायाचं शास्त्र आपल्याकडे प्रिंटर यायच्या कितीतरी आधीपासून आहे. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांचे पाय रोगाने झडत नाहीत, बधिर पायाला इजा होत राहते म्हणून जखमा होतात, हे त्यांनी दाखवून दिलं. १९५० च्या दशकात तिथे मायक्रोसेल्युलर रबर म्हणजे एमसीआरच्या सँडल सुरू झाल्या. मधुमेहाच्या बधिर पायाला तेच तत्त्व लागू पडतं.

१५ शोअर कडकपणाचं १० मिमी एमसीआर वर, खाली ६ ते ८ मिमी कडक रबर, मागे पट्टा, पुढे वेल्क्रो. एकही खिळा नाही, सगळं सोल्यूशनने आणि शिलाईने. खिळा झिजून वर येतो आणि बधिर पायात शिरला तरी माणसाला रात्री चप्पल काढेपर्यंत पत्ता नसतो. चांगल्या कारागिराला नमुना दाखवला तर तो हे करून देतो. ज्यांना जखम कधी झालीच नाही, पाऊल वाकडं नाही, नुसता बधिरपणा आहे, त्यांना प्रिंटरच्या मागे कशाला लावायचं?

भुईकोट
+१. बहुतेकांना एवढं पुरेल.

तळपाय
एमसीआर यांच्याशी बऱ्यापैकी सहमत, पण धाग्यातला पाय त्या गटात बसत नाही. जखम होऊन गेलेला पाय सगळ्यांत वरच्या धोक्याच्या गटात येतो आणि दर एक ते तीन महिन्यांनी तपासावा लागतो. सपाट एमसीआर दाब मऊ करतं, पण कमानीला भिडत नाही. भुईकोट यांचा हिशोब पुन्हा वाचा: चवड्याचा भार उचलायला टेकणारी जागा वाढावी लागते. त्याला आकार दिलेला इनसोल हवा. तो प्रिंट केलेला असो की साच्यावर गरम करून बसवलेल्या ईव्हीएचा, म्हणजे चपलांत असतं त्या फोमचा, पायाला त्याने फरक पडत नाही.

गायरॉइड
हे मान्य. प्रिंटचा खरा फायदा दोन ठिकाणी आहे. एक, कडकपणा जागेनुसार बदलता येतो. दुसरं, फाइल राहते. चार महिन्यांनी इनसोल दबला की हुबेहूब तोच परत छापता येतो, किंवा जखमेखाली १ मिमी जास्त खोल करून. अमेरिकेतली मेडिकेअर योजना वर्षाला बुटांची एक जोडी आणि इनसोलच्या तीन जोड्या देते. म्हणजे इनसोल चार महिन्यांचा धरलेला आहे. एका जोडीला १५० ग्रॅमच्या आसपास टीपीयू लागतं. किलोचं रीळ दोन हजारांना धरा, मटेरियल ३०० रुपयांचं होतं. बाकीचे पैसे मापाचे आणि अकलेचे. दुसऱ्या जोडीला पहिलीचाच दर कोणी लावत असेल तर विचारा की माप परत घेतलं का.

तळफणी
मोबाइलच्या स्कॅनवर अजून कोणीच बोललं नाही.

तळपाय
लिहिते. पाय हवेत धरून काढलेलं स्कॅन आणि जमिनीवर उभं राहून काढलेलं, दोन्हींत पाय वेगळा असतो. हवेत कमान उंच दिसते, तशीच छापली तर कमानीत रुततं. पूर्ण वजन देऊन उभं केलं की तळव्याचं मांस पसरून सपाट होतं, आणि उभ्या माणसाच्या तळव्याखाली मोबाइल जातच नाही. त्यामुळे पुष्कळ जण वरून आणि बाजूंनी स्कॅन घेतात आणि तळवा सॉफ्टवेअरच्या अंदाजावर सोडतात. ज्या बाजूला जखम होते तीच बाजू अंदाजाची.

यावर सोपा, जुना उपाय आहे: ठसा घ्यायचा फोमचा डबा. माणसाला खुर्चीवर बसवा, गुडघा आणि घोटा काटकोनात. पाऊल फोमवर अलगद ठेवा आणि तुम्ही दाबा. आधी गुडघ्यावरून खाली टाच, मग चवडा, शेवटी बोटं. सरळ खाली, पुढे-मागे न हलवता. पाय वर काढतानाही सरळ. मग त्या ठशाचं मोबाइलने स्कॅन करा, खुशाल. ठसा हलत नाही, सावली पडत नाही, आणि तळवा खराखुरा मिळतो. ठसा घेण्याआधी जुन्या जखमेच्या जागेवर लिपस्टिकचा ठिपका लावा. तो फोमवर उमटतो आणि मऊ पट्टी कुठे ठेवायची ते छापणाऱ्याला दिसतं.

दोन्ही पायांचा वेगवेगळा ठसा. एकाचा आरसा करून दुसरा छापणाऱ्याकडे जाऊ नका.

एमसीआर_सँडल
लिपस्टिकची युक्ती नंतरही चालते. इनसोल तयार झाला की ठिपका परत लावा, इनसोलवर टिश्यू पसरा, मोजे न घालता दहा पावलं चालवा. ठिपका मऊ भागाच्या मध्यावर उमटला पाहिजे. कडेला उमटला तर इनसोल तुमचा नाही.

भार मागे घ्यायला इनसोलवर चवड्यामागे उंचवटा ठेवतात, तो जागेवर आहे का हे बघायलाही हेच करा. तो बोटांमागच्या हाडांच्या टोकांच्या मागे, ५ ते १० मिमीवर यायला हवा. टोकांच्या बरोबर खाली आला तर दाब कमी व्हायच्या ऐवजी वाढतो, म्हणजे तुम्ही पैसे देऊन बुटात खडा बसवून घेतला. तयार इनसोलमध्ये हा उंचवटा सरासरी पायाच्या मापाने ठेवलेला असतो, आणि बोटं वाकडी झालेला मधुमेही पाय सरासरी नसतोच.

शेंगाचटणी
घरी काही चाचणी करता येते का? दाब मोजायची पट्टी सगळीकडे नसते.

गायरॉइड
पायावरची नाही, पण मटेरियलची येते. इनसोलच्याच सेटिंगने १० मिमी जाडीचा मोठा तुकडा छापा आणि मधून ४० बाय ४० मिमीचा चौकोन कापा, म्हणजे बाहेरच्या भिंतींचा आधार जाईल. तो वजनकाट्यावर ठेवा, वर छोटी सपाट फळी, आणि काटा ३२ ते ३३ किलो दाखवेपर्यंत दाबा. तो बरोबर २०० किलोपास्कल. तेवढ्या भाराखाली जाडी किती उरते ते व्हर्नियरने (जाडी मोजायच्या सरकत्या पट्टीने) बघा. १० ची निम्मी उरली तर ठीक. ३ मिमीवर गेली तर जाळी तळाला टेकली, आता ती मऊ राहिली नाही. ९ वर राहिली तर काही उपयोगच नाही. छापून देणाऱ्याकडे असे ८, १०, १२, १५, २० टक्क्यांचे तुकडे आकडे लिहून ठेवलेले असतील तर समजा की तो काम जाणतो.

तळपाय
आणि उघडं टीपीयू पायाला लावायचं नाही. वरचा उतार थराथराने छापलेला असतो, त्याच्या बारीक पायऱ्या राहतात. वर ३ मिमीचं बंद पेशींचं मऊ फोम चिकटवा. सोल्यूशन दोन्ही बाजूंना, दहा-पंधरा मिनिटं वाळू द्यायचं, मग एका कडेपासून चिकटवत जायचं. सुरकुती राहिली तर काढून नवीन. सोलापूरच्या उन्हात इनसोल पत्र्यावर किंवा बंद गाडीत ठेवू नका, सोल्यूशन सुटतं आणि फोम आकसतं. साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवा.

भुईकोट
बुटाचा प्रश्न मागे पडला. ६ मिमी जाळी आणि ३ मिमी कव्हर म्हणजे चवड्याखाली ९ मिमी. नेहमीच्या बुटातली निघणारी गादी ३ ते ५ मिमीची. ती काढून हे घातलं की पाय ४ ते ६ मिमी वर उचलला जातो, बोटांची पाठ बुटाला घासते आणि जखम खालून वर सरकते. टाचही वर येते आणि बुटातून निसटायला लागते. म्हणून आधी खोल बूट, मग इनसोल. दोन्ही एकत्रच ठरवा.

बूट आतून पायापेक्षा १ ते २ सेंमी लांब. रुंदी चवड्याच्या रुंदीएवढी. माप उभ्याने आणि संध्याकाळी, पाय सुजलेला असताना. आतून शिलाई नको, हात घालून बोटांनी चाचपा. रोज घालण्याआधीही चाचपा, खडा, खिळा, काहीही निघतं.

चवड्याच्या जखमेला तळ कडक आणि पुढे वर वळलेला हवा, नावेसारखा. मग पाय चवड्यात न वाकता पुढे घरंगळतो. वळण हाडांच्या टोकांच्या थोडं मागून सुरू झालं पाहिजे. तोल जाणाऱ्या वयस्कांना मात्र तो आधी समोर चालवून बघा.

पाकणीकर
विषयांतर होतंय, पण सोलापुरात हे लिहायलाच हवं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळी नंदीध्वजांसोबत अनवाणी चालणं, कोजागरीला तुळजापूरची पायी वारी, आषाढीला पंढरपूर. पायात संवेदना नसलेल्या माणसाला यातलं काहीही अनवाणी झेपत नाही, आणि झेपत नाही हे त्याला कळत नाही. नुसते मोजे घालून चालणं म्हणजेही अनवाणीच. शिवाय ओल्या मोज्यात कातडी मऊ होऊन सोलते. उन्हाळ्यात हवा ४२ अंशांवर गेली की डांबर ६० च्या घरात जातं. देवळाच्या फरशीवर पाय भाजायला पाच मिनिटं पुरतात. दर्शनाला जायचंच तर पहाटे, आणि चटई अंथरलेल्या वाटेने.

तळफणी
विड्या वळणाऱ्या बायकांचंही लिहा. दिवसभर मांडी घालून बसलं की बाहेरचा घोटा फरशीवर टेकतो आणि तिथे घट्टा होऊन फुटतो. ती जखम कुठल्याच इनसोलने थांबणार नाही.

तळपाय
बरोबर बोललात. तिथे गोल चुंबळ ठेवतात लोक, तीही नको, मघाचाच कडेचा दाब. जाड गादी, दर अर्ध्या तासाला बैठक बदलणं, जमलं तर बुटक्या स्टुलावर पाय सोडून बसणं.

बधिरपणा घरी ओळखायचा तर: माणसाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, एकेकाच्या टोकाला बोट अलगद एक-दोन सेकंद टेकवा. दाबू नका, गुदगुल्या नकोत. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर दवाखान्यात १० ग्रॅमच्या नायलॉन तंतूची चाचणी करून घ्या. ती घट्ट्यावर करत नाहीत. प्रत्येक जागी तीनदा विचारतात, त्यात एकदा तंतू न टेकवताच.

हुतात्माबाग
खूप माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. माझा चौथा प्रश्न मात्र तसाच आहे. हा माणूस घरात आणि मागापाशी अनवाणी असतो. मग हे सगळं करून फायदा किती?

भुईकोट
याचं उत्तर आकड्यांत आहे. नेदरलँड्समधला अभ्यास, २०१३ साली 'डायबेटिस केअर'मध्ये आला. तळव्याची जखम भरलेले १७१ रुग्ण, १८ महिने. निम्म्यांचे बूट दाब मोजून वेळोवेळी सुधारले, निम्म्यांचे नेहमीच्या पद्धतीने. परत जखम झाली ती ३८.८ आणि ४४.२ टक्क्यांना, म्हणजे ठाम फरक नाही. पण ज्यांनी किमान ८० टक्के पावलं त्या बुटात टाकली तेवढेच वेगळे काढले तर २५.७ विरुद्ध ४७.८. दाब सुधारलेला बूट काम करतो, पायात असेल तर. याच गटात मोजलं तेव्हा लोक घराबाहेर ८७ टक्के पावलं बुटात टाकत होते आणि घरात ६१. ही घरात बूट घालणाऱ्या देशाची गोष्ट. आपल्याकडे चप्पल उंबऱ्याबाहेर निघते.

एमसीआर_सँडल
म्हणून तर मी सँडलवर अडून बसलोय. घरासाठी वेगळी जोडी करा, जी कधीच उंबऱ्याबाहेर जाणार नाही. मग ती देवघरापर्यंत न्यायला घरच्यांची हरकत कमी होते, आणि तळ रोज पुसला की स्वयंपाकघरातही चालते. अंगठ्याची चप्पल नको, तिचा पट्टा बोटांमध्ये कापतो. दोन रुंद पट्टे, मागे पट्टा, वेल्क्रो. वजनाला हलकी.

आणि गायरॉइड, तुमचा इनसोल या सँडलमध्ये का बसवू नये? १० मिमीच्या एमसीआरऐवजी तीच फाइल, कड ५ मिमी उंच, वर कव्हर.

गायरॉइड
बसतो. सँडलमध्ये वरून बोटांवर दाब येत नाही, म्हणून खोलीची अडचणच नाही. फक्त इनसोल खालच्या रबराला पूर्ण चिकटवायचा, नाहीतर तो पुढे सरकतो आणि मऊ जागा जखमेखालून हलते. एका फाइलवर दोन जोड्या: एक बुटात, एक घरच्या सँडलमध्ये. मागापाशी मात्र बंद बूटच. खाली मागाच्या फणीची तुटलेली तार असते, तेल असतं. बुटाचा तळ तेलावर न घसरणारा घ्या.

हुतात्माबाग
हे पटलं. मग क्रम असा लावतो: आधी घट्टा तासून आणि नाडी बघून घेणं, मग खोल बूट, मग फोमचा ठसा, आणि एका फाइलवर दोन जोड्या. नवीन इनसोल पहिल्या दिवशी किती वेळ घालायचा?

तळपाय
पहिल्या दिवशी एक तास. काढून दोन्ही तळवे उजेडात बघा, स्वतःला वाकता येत नसेल तर आरशात किंवा घरच्यांनी. लाली वीस-तीस मिनिटांत गेली नाही तर घालणं थांबवा आणि इनसोल परत न्या. लाली नसेल तर रोज एक-एक तास वाढवा.

जमलं तर त्वचेचं तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, कपाळाला लावायचा नको. दोन्ही पायांची तीच जागा रोज सकाळी मोजा. उजव्या-डाव्यात २.२ अंश सेल्सियसपेक्षा जास्त फरक लागोपाठ दोन दिवस राहिला तर चालणं कमी करून डॉक्टरांना दाखवा. तुलना स्वतःच्याच दुसऱ्या पायाशी आहे, त्यामुळे मे महिन्यातही चाचणी बिघडत नाही.

शेंगाचटणी
इनसोल करून देणाऱ्याची पात्रता कशी ओळखायची?

तळपाय
प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स शिकलेल्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात संकोच नको. तपासणीसाठी सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात जाता येतं. मुंबईला जाणं होत असेल तर हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथे ऑर्थोटिक्सचा विभाग आहे.

हुतात्माबाग
आणि चार महिन्यांनी जुन्या जोडीचं काय करायचं? टाकून द्यायची?

गायरॉइड
टाकू नका, घेऊन या. कव्हर सोलून काढलं की जाळी कुठे कायमची बसली आहे ते दिसतं. अंगठ्याखाली खळगा पडला असेल तर त्याची खोली व्हर्नियरने मोजून इनसोलवरच पेनने लिहा, आणि तो उजवा की डावा तेही. नव्या फाइलमधली पहिली दुरुस्ती तिथेच होते.